स्ट्रॅटछाप गिटारचा ब्रिज आणि खुंट्या बदलायच्या आहेत, सुरुवात कुठून?

सहावी_तार

गिटार स्ट्रॅटच्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या) घाटाची, स्वस्तातली. सहा स्क्रूंवर बसलेला ट्रेमोलो ब्रिज (दांडीने हलून सूर वरखाली करणारा), वाकवलेल्या पत्र्याच्या सॅडल (तारा टेकतात ते तुकडे), खाली हलक्या धातूचा बारीकसा ब्लॉक (मागच्या स्प्रिंग अडकतात तो ठोकळा). तारा ९-४२ (जाडी इंचाच्या हजारांशात). दांडी दाबून सोडली की सूर जागेवर येत नाही, जी (तिसरी) तार तर हमखास चढलेली असते. दांडी स्वतःच्या भोकात खुळखुळते. दोन सॅडलचे उंचीचे स्क्रू गंजून घट्ट झालेत.

बेत असा आहे: नवा ब्रिज, स्टीलचा ब्लॉक, लॉकिंग खुंट्या (तार चिमटीत पकडणाऱ्या). प्रश्न तीन. एक, कुठलाही 'स्ट्रॅटसाठी' असलेला ब्रिज बसतो का? दोन, आधी खुंट्या की आधी ब्रिज? तीन, ब्लॉक बदलल्याने आवाजात खरंच फरक पडतो का?

मोजपट्टी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात.

बाहेरच्या दोन स्क्रूंमधलं अंतर मोजा, मध्यापासून मध्यापर्यंत. मध्य नेमका सापडत नाही, म्हणून पहिल्या स्क्रूच्या डाव्या कडेपासून सहाव्या स्क्रूच्या डाव्या कडेपर्यंत मोजायचं, माप तेच येतं. जुन्या अमेरिकन मापात ते ५६.४ मिमी असतं. बऱ्याच मेक्सिकन आणि आशियाई गिटारांत ५२.४ मिमी. चार मिमीचा फरक असल्याने एकाची भोकं दुसऱ्याला कधीच जुळत नाहीत. दोन खांबांवर टेकणारा ब्रिज ही तिसरीच जात.

मग तारांचं अंतर. पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंत सॅडलवर मोजा आणि पाचाने भागा. १०.५ आलं तर एकूण ५२.५ मिमी, १०.८ म्हणजे ५४, ११.३ म्हणजे ५६.५. नेकच्या शेवटच्या फ्रेटवर बाहेरची तार कडेपासून निदान ३ मिमी आत हवी. अरुंद नेकवर रुंद ब्रिज लावला की पहिली तार बोटाने व्हायब्रॅटो करताना (सूर थरथरवताना) कडेवरून खाली घसरते, आणि त्याला कुठलंही सेटिंग उपाय नाही.

तिसरं माप बॉडीची जाडी. नेहमीची स्ट्रॅट पावणेदोन इंच, म्हणजे ४४.५ मिमी जाड. स्वस्तातल्या काही बॉडी ४० च्या आसपास असतात. त्यात पूर्ण उंचीचा, ४२ मिमीच्या घरातला ब्लॉक घातला तर तो मागून बाहेर डोकावतो, मागचं झाकणही बसत नाही. हलक्या गिटारांत बारीक ब्लॉक असतो त्याला कंजूषपणा कारण आहेच, पण जागा हेही कारण आहे.

खुंटीपिळ्या

आधी लॉकिंग खुंट्या. डोळे झाकून.

निदानकर

@खुंटीपिळ्या, डोळे उघडे ठेवून बघू. धागाकर्त्याने लिहिलंय की दांडी दाबून सोडल्यावर जी तार चढते. 'चढते' हा शब्द महत्त्वाचा आहे.

दांडी दाबली की तारांचा ताण कमी होतो. नटच्या (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) पलीकडे, खुंटीच्या बाजूच्या तुकड्यात ताण जास्त उरतो, म्हणून तार थोडी खुंटीकडे ओढली जाते. दांडी सोडली की तिने परत ब्रिजकडे सरकायला हवं. नटच्या खाचेत ती अडकली तर नट ते ब्रिज या भागात तार थोडी कमी पडते आणि सूर चढा लागतो. बेंड केल्यावर (तार बोटाने बाजूला ताणल्यावर) उलटं: तार ब्रिजकडे ओढली जाते, परत जात नाही, सूर उतरतो.

खात्री करायची तर दांडी दाबून सोडा, सूर चढलेला दिसला की ट्यूनरकडे बघत तीच तार हलकेच बेंड करून सोडा. काटा जागेवर आला तर दोष नटचा. सहाही तारा सारख्याच प्रमाणात चुकत असतील तर दोष ब्रिज जिथे टेकतो त्या जागेचा. एकच तार उतरत राहते आणि नट निर्दोष आहे, तर खुंटीवरचे वेढे सैल आहेत.

इथे लॉकिंग खुंटी लावणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. ती खुंटीवर तार घसरू देत नाही एवढंच तिचं काम. नटमधलं घर्षण तिला कळतही नाही.

कोमल_निषाद

जी तार म्हणजे एकत्र कुटुंबातली रुसूबाई. बाकी पाच जणी काही का करेनात, ही रुसणार.

कानसकर

@कोमल_निषाद, रुसायला कारण आहे. तीन-तीन खुंट्यांच्या हेडस्टॉकवर डी आणि जी नटनंतर सगळ्यात जास्त वळतात. स्ट्रॅटमध्ये सहाही एका रांगेत असल्याने वळण जवळजवळ नसतं, तिथे बहुतेक वेळा खाचच अरुंद असते. कारखान्यातली खाच ९ च्या संचासाठी आणि मालकाने चढवलेल्या तारा १० च्या, हा नेहमीचा घोळ.

काम असं: तार सैल करून बाजूला घ्या. त्याच जाडीची किंवा अगदी किंचित जाड नट-कानस घ्या. जी तार ०.०१६ इंचाची असेल तर ०.०१८ ची कानस चालते. खाचेच्या दोन्ही भिंतींना दोनतीन हलके हात, तळाला हात लावायचा नाही. तळ एक दशांश मिमी खाली गेला तरी मोकळी तार पहिल्या फ्रेटवर झणझणते आणि मग नट नवा. कानस हेडस्टॉकच्या उताराकडे थोडी झुकती धरा, म्हणजे तार खाचेच्या पुढच्या कडेवर, फ्रेटबोर्डच्या बाजूला टेकेल. मागच्या कडेवर टेकली तर मोकळ्या तारेला सतारीची जवारी येते. सतारीत ती हवी असते, इथे नको.

मग मऊ पेन्सिलीचं शिसं खाचेत घासा. ट्यून करताना 'टिंग' आवाज यायचा थांबला की खाच मोकळी झाली.

खुंटीपिळ्या

मान्य, नट आधी. पण लॉकिंग खुंट्यांची बाजू मांडतोच. साध्या खुंटीवर तीन-चार वेढे असतात आणि दांडी वापरली की प्रत्येक वेढा थोडा सैल-घट्ट होतो. लॉकिंगवर अर्धा वेढासुद्धा नसतो. शिवाय तार बदलायला वेळ लागत नाही.

एक गैरसमज मात्र काढून टाका. १४:१ ऐवजी १८:१ घेतल्याने सूर जास्त टिकत नाही. अठरा वेळा फिरवल्यावर खांब एकदा फिरतो एवढाच अर्थ, म्हणजे बारीक सूर लावणं सोपं. आणि कुठल्याही खुंटीवर सूर खालून वर चढवत आणायचा. वरून खाली उतरवून थांबलात तर दात्यांमधली सैल जागा तशीच राहते आणि पहिल्या बेंडला तार तेवढी उतरते.

मोजपट्टी

खुंट्यांचंही माप आहे बरं. आधुनिक खुंटीला १० मिमीचं भोक लागतं, जुन्या पद्धतीच्या दाबून बसवलेल्या बुशवाल्यांना (बुश म्हणजे भोकातली धातूची कडी) साधारण ८.७. लहानातून मोठ्याकडे जायचं तर साध्या ड्रिलच्या बिटने भोक वाढवू नका. बिट कडेला पकडतं आणि पॉलिशचा टवका उडवतं. हाताने फिरवायचा रीमर घ्या, अर्धं काम पुढून, अर्धं मागून. मोठ्यातून लहानाकडे यायचं असेल तर जोड-बुश मिळतात, लाकडाला हात लागत नाही.

मागे बघा: खुंटी धरायला एक स्क्रू तिरका आहे, की दोन पिना आहेत? जुन्या खुणा झाकायच्या असतील तर त्याच ठशाची खुंटी शोधा.

तिरपा_स्क्रू

खुंटीचा तो चिमुकला स्क्रू मेपलमध्ये जाताना मोडतो. डोकं हातात, धड लाकडात. आधी बारीक भोक पाडा, स्क्रूच्या आट्यांना मेण किंवा साबण लावा, स्क्रूड्रायव्हर तोंडाला अगदी बरोबर बसणारा घ्या. दोन वेढे आत, अर्धा वेढा बाहेर, पुन्हा आत.

मोडलाच तर बारीक पक्कडीत टोक येतंय का बघा. पॉलिश वाचवून सोल्डरिंग आयर्नचं टोक काही सेकंद स्क्रूवर टेकवलं तर भोवतीचं लाकूड ढिलं पडतं, मग कधीकधी फिरतो. नाहीच आला तर पोकळ नळीला कानसीने दाते पाडून भोवतीचं लाकूड काढायचं आणि कठीण लाकडाची खुंटी डिंकाने बसवायची.

वाचनमात्र

वाखु (वाचनखूण) साठवली आहे.

जाड_ब्लॉक

तिसऱ्या प्रश्नावर येऊ. घनता बघा: झिंकचा मिश्रधातू सुमारे ६.६, स्टील ७.८५, पितळ ८.५, अॅल्युमिनियम २.७ ग्रॅम प्रति घन सेंमी. जड ब्लॉक कमी हलतो, तारेची ऊर्जा कमी खातो, सूर जास्त टिकतो. बारीक झिंक काढून पूर्ण आकाराचा स्टील लावला की फरक ऐकू येतो.

शांत_अँप

फरक ऐकू येतो, पण कशामुळे? ब्लॉक बदलताना तारा नव्या, सॅडल साफ, उंची वेगळी, स्प्रिंगचा ताण वेगळा, स्क्रू नव्याने आवळलेले. इतक्या गोष्टी एकदम बदलल्यावर श्रेय धातूला देणं घाईचं आहे. डोळ्यांवर पट्टी बांधून किती जणांना ओळखता येईल याबद्दल शंका आहे. नव्या तारांचा फरक मात्र पट्टी बांधूनही कळतो.

जाड_ब्लॉक

बारीक आणि पूर्ण ब्लॉकमध्ये वजनाचा फरक दुपटीचा असू शकतो, तो केवळ श्रद्धेचा भाग नाही. पण झिंक पूर्ण आकाराचा विरुद्ध स्टील पूर्ण आकाराचा, इथे माझा दावा मवाळ करतो.

शांत_अँप

तेवढ्यावर तह. आणि धागाकर्त्याला ब्लॉक बदलायला खरं कारण आहेच, ते आवाजाचं नाही: दांडी खुळखुळते. मऊ झिंकमधले आटे घासून गेलेत, स्टीलमध्ये ते टिकतात. दांडी मात्र नव्या ब्लॉकसोबतचीच घ्या. अमेरिकन दांडीचे आटे १०-३२ मापाचे, बाकीच्यांचे बहुधा एम५ किंवा एम६. एम५ ची दांडी १०-३२ मध्ये सुरुवातीला जाते, मग अडते, मग माणूस जोर लावतो आणि नवा ब्लॉकही जातो.

अवांतर: याला ट्रेमोलो म्हणणंच चूक. सूर वरखाली होतो तो व्हायब्रॅटो, आवाज लहानमोठा होतो तो ट्रेमोलो. फेंडरने १९५४ साली स्ट्रॅट काढली तेव्हा ब्रिजला ट्रेमोलो म्हटलं, आणि पुढे अँपवरच्या खऱ्या ट्रेमोलोला व्हायब्रॅटो. तेव्हापासून सगळे चुकतायत, आपणही.

नवखा_तारकर

मग थेट फ्लॉइड रोझच लावला तर? नटही लॉक, ब्रिजही लॉक, कटकट मिटली.

मोजपट्टी

कटकट मिटत नाही, बदलते. खांबांमधलं अंतर ७४.३ मिमी, म्हणजे जुनी सहा भोकं बुजवून नवी दोन. बॉडीत राउटरने खोदकाम. लॉकिंग नट बसवायला नेकचा शेवट कापावा लागतो आणि त्याच्या रुंदीत आर२ म्हणजे ४१.३ मिमी, आर३ म्हणजे ४२.९, चुकीचा घेतला तर कडा बाहेर. स्वस्तातल्या बॉडीवर हा उपद्व्याप करण्यापेक्षा मुळात फ्लॉइड असलेली गिटार घेतलेली बरी.

निदानकर

आणि ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांच्यासाठी: तारा ताणलेल्या असताना खांब वरखाली फिरवू नका. ब्रिजची सुरीसारखी धार खांबाच्या खाचेत टेकलेली असते. ताणाखाली खांब फिरला की धार खरवडली जाते, आणि एकदा ती बोथट झाली की सहाही तारा मिळून चुकायला लागतात. आधी सैल, मग फिरवा.

कोमल_निषाद

लेस पॉलवाल्यांनी काय पाप केलंय? धागा सगळा स्ट्रॅटवरच चाललाय.

कानसकर

ट्यून-ओ-मॅटिकमध्ये (लेस पॉलचा ब्रिज) खांबांमधलं अंतर बहुतेक ७४ मिमी, पण खांबांचे आटे आणि जाडी वेगळी. एबीआर-१ या प्रकाराचे खांब बारीक, थेट लाकडात, नॅशव्हिल प्रकाराचे बुशमध्ये, आशियाई बनावटीचे जाड, एम८ च्या घरातले. म्हणून नुसता ब्रिज बसेल की खांबही बदलावे लागतील ते आधी ठरवा.

बुश काढायचे तर पक्कडीने ओढू नका. बुशच्या तळाशी एक छोटा पोलादी तुकडा टाका, वरून खांब फिरवत आत न्या. खांब तुकड्यावर टेकला की पुढचा प्रत्येक वेढा बुशला वर उचलतो. त्याआधी बुशच्या कडेने धारदार पात्याने पॉलिश कापून घ्या, नाहीतर बुशसोबत रंगाची खपली येते. एखाद्या बुशखाली अर्थिंगची तार दबलेली असू शकते, ती बाहेर ओढली जाणार नाही हे बघा.

नव्या सॅडल कोऱ्या आल्या तर खाच तारेच्या अर्ध्या जाडीपेक्षा खोल नको. आणि जुना ब्रिज मधोमध खाली बसलाय का ते पोलादी पट्टी लावून तपासा. तो खचला की मधल्या तारा खाली जातात आणि लोक नेकला दोष देत बसतात.

सहावी_तार

सगळ्यांचे आभार. मापं घेतली: स्क्रूंचं अंतर ५२.४, तारांचं ५२.५, बॉडी ४०, जुना ब्लॉक ३६ मिमी उंच. बेंड करून बघितलं, जी तार जागेवर आली. म्हणजे नटच. पण दांडी आणि गंजलेल्या सॅडलमुळे ब्रिज बदलायचाच आहे. आता क्रम सांगा.

निदानकर

५२.४ चा सहा-स्क्रू ब्रिज, १०.५ च्या सॅडल, ३६ मिमीचा स्टीलचा ब्लॉक. असा तयार जोड मिळतो, लाकडाला हात लावावा लागत नाही. फक्त मागच्या खोबणीत ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना हलायला जागा आहे का ते बघा, जाड ब्लॉक मागच्या भिंतीला घासतो.

आधी नट, कारण जुन्याच ब्रिजवर निकाल कळतो. नंतर ब्रिज. खुंट्या शेवटी, तेव्हाही गरज वाटली तर.

ब्रिज काढण्याआधी सध्याची उंची आणि सॅडलच्या जागा फोटोत धरा. तारा सैल करून काढा, मागच्या स्प्रिंग पकडीने सोडवा, सहा स्क्रू काढा. भोकं ढिली असतील तर कठीण लाकडाची बारीक खुंटी डिंकात बुडवून ठोका, रात्रभर वाळू द्या, मग नवं बारीक भोक. काड्या कोंबून भागतं, पण हा स्क्रू रोज झुलणार आहे.

नवा बसवताना सहाही स्क्रू करकचून आवळू नका, ब्रिज त्यांच्यावर झुलायचा असतो. बाहेरचे दोन ब्रिजच्या पट्टीला जेमतेम टेकतील इतके, मधले चार त्याहून अर्धा ते एक मिमी वर. नंतर दांडी हलवून बघा: पट्टी कुठे अडली तर त्या स्क्रूला अर्धा वेढा ढील.

तिरपा_स्क्रू

@निदानकर, मधले चार वर ठेवण्याबद्दल मतभेद. सहाही एकाच उंचीवर ठेवले तरी चालतं, आणि ताण सहा ठिकाणी वाटला जातो. दोन्ही पद्धती चालतात, फक्त मिसळू नका: चार घट्ट, दोन ढिले असं अर्धवट झालं की पट्टी एका बाजूला चढते.

निदानकर

ठीक, तशीही करा.

तोल असा साधा: ब्लॉक आणि खोबणीची शेपटाकडची भिंत यांच्यात लाकडी पाचर बसवा, ब्रिजची मागची कड बॉडीपासून ३ मिमीच्या आसपास वर राहील इतकी. स्प्रिंग ढिल्या ठेवा, तारा सुरात लावा. आता क्लॉचे (मागच्या स्प्रिंगची दुसरी टोकं अडकतात तो पत्रा) दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा वेढा आवळत जा. ज्या क्षणी पाचर आपोआप सैल पडते, तेव्हा स्प्रिंग आणि तारांचा ताण बरोबरीला आला. ९-४२ संचाचा एकूण ताण सुमारे ३८ किलो आहे, तीन स्प्रिंग पुरतात. पाच स्प्रिंग लावून क्लॉ ढिला सोडण्याचा अर्थ एवढाच की दांडी जड होईल.

जाड_ब्लॉक

पाच स्प्रिंगवाले इथेही आहेत, पण आज वाद नको. 😄

शांत_अँप

अर्थिंग विसरू नका. अर्थिंगची तार क्लॉला सोल्डरचा डाग देऊन जोडलेली असते, ती ओढाताणीत सुटते. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून एक टोक ब्रिजला, दुसरं जॅकच्या बाहेरच्या धातूला, बीप आला पाहिजे. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होते तर जोड शाबूत आहे. काहीच फरक पडत नाही आणि गुणगुण मोठी आहे, तर तार सुटलीय. पुन्हा डाग देताना क्लॉ आधी कानसीने खरवडा आणि ६० वॅटचं आयर्न घ्या. लहान आयर्नची उष्णता तो पत्राच पिऊन टाकतो, डाग वरून चमकतो आणि आत कोरडा राहतो.

मोजपट्टी

शेवटचं सेटिंग. नेकचा बाक: पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा), शेवटच्या फ्रेटवर बोट, आठव्याशी फीलर गेज ०.२५ मिमी. उंची: सतराव्या फ्रेटवर तारेखाली १.६ मिमी, ही ९.५ ते १२ इंच रेडियसच्या (फ्रेटबोर्डच्या गोलाईच्या) नेकसाठी. मग इंटोनेशन (दाबलेले सूर खरे लागणं): बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट लावून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ताडून बघा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. प्रत्येक वेळी तार थोडी सैल करून सॅडल हलवा आणि पुन्हा सुरात आणून मोजा. काम नव्या तारांवरच.

अॅलन की चा घोळ टाळा: अमेरिकन सॅडलला ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मिमी, बाकीच्यांना बहुधा १.५. सव्वाची की दीडमध्ये जाते, फिरते आणि स्क्रूचं तोंड गोल करून बाहेर येते. गंजलेल्या त्या दोन स्क्रूंचं असंच काही झालं नसेल ना?

सहावी_तार

नाही, तिथे की आत जातच नाही. गंजच आहे. जुन्या सॅडलवर भेदक तेलाचा थेंब टाकून ठेवलाय, निघाल्या तर बाकीच्या चार जपून ठेवेन. उद्या नट.

कानसकर

भिंती. तळ नाही.